बोगस पीक विम्याचे गठ्ठे भरणारे कधी सापडणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोगस पीक विम्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, मी त्या आवर्जून वाचतो आणि दरवेळी एकच गोष्ट खटकते. अमुक इतके अर्ज बोगस निघाले, रद्द केले, चौकशी सुरू आहे, इथपर्यंत बातमी असते. पुढं काय झालं, कोणाला अटक झाली, कोणाच्या खात्यातून पैसे परत आले, केस कोर्टात उभी राहिली का, याची बातमी काही येत नाही. मला वाटतं याचं कारण बातमीदारात नाही, कायद्यातच आहे, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, काटछाट करून छापलं तरी चालेल.

आधी थोडं मागचं सांगतो कारण लोक लवकर विसरतात. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे, शेतकऱ्याने खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के भरायचे, बाकी केंद्र आणि राज्य मिळून भरणार. आपल्या राज्याने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पण स्वतःकडे घेतला आणि एक रुपयात विमा केला. झालं काय, २०२२ च्या खरिपात ९६ लाखांच्या आसपास अर्ज होते ते २०२३ ला १ कोटी ७० लाखांच्या घरात गेले. आता त्यात खरे शेतकरी वाढले हे मी नाकारत नाही, आधी ज्यांना हजार-बाराशे भरणं जड जायचं असे कितीतरी लोक आले, माझ्या ओळखीतलेच आहेत. पण एका वर्षात जमीन काही वाढत नाही ना. मग कृषी खात्याने तपासणी लावली तर गायरानावर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, सरकारी जमिनीवर विमा, एनए म्हणजे बिगरशेती झालेल्या प्लॉटवर विमा, कांदा नाही तिथं कांद्याचा विमा. चार लाखांच्या वर अर्ज बोगस म्हणून बाजूला काढले. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात बीड जिल्ह्यातले आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी परळीचं नाव घेऊन हा विषय लावून धरला आणि मग कुठं राज्यभर बोभाटा झाला.

आणि मग सरकारने काय केलं? एप्रिल २०२५ मध्ये कॅबिनेटने एक रुपयाची योजनाच बंद केली. नुसता रुपया गेला असता तरी एकवेळ ठीक होतं हो, पैसे भरायला शेतकरी तयार झालाच असता, पण त्याबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती हे जे जादाचे ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायची कारणं, होती ती पण काढून टाकली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतात पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, आणून ठेवली. म्हणजे आधी रात्रीत ढगफुटी झाली, शेत वाहून गेलं, तर ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा टोल फ्रीवर कळवायचं, मग सर्व्हे व्हायचा आणि त्या एका शेताचं नुकसान धरलं जायचं. २०२५ च्या नियमात अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या, खाली गेलं तरच पैसे. सप्टेंबर २०२५ ला आमच्या मराठवाड्यात आणि तिकडं सोलापूरला सीनेकाठी जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं. धाराशिवला, बीडला शेतातली मातीच वाहून गेली. त्या वर्षी नेमका हा ट्रिगर नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात कायदा कशाला नवा, आधीचे काय कमी आहेत का? बरोबर आहे, कलमं आहेत. पूर्वी ४२० होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, त्याच्या चौथ्या पोटकलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, खोटे कागद केले तर ३३६ आणि ३४० आहे, मिळून कट केला तर ६१ आहे. कागदावर सगळं झकास. पण विम्यातला फ्रॉड म्हणजे काय याची स्वतंत्र व्याख्या या संहितेत नाही, १९३८ च्या विमा कायद्यात पण 'खोटा विमा काढणं' असा सुटसुटीत गुन्हा सापडत नाही. विमा नियामकाचं फ्रॉड मॉनिटरिंगचं सर्क्युलर २०१३ मध्ये निघालं पण ते मुख्यतः कंपन्यांनी आपापल्या घरात काय करायचं ते सांगणारं होतं. मग होतं काय की ३१८ लावायचं तर फसवून काहीतरी घेतलं हे दाखवावं लागतं. बोगस अर्ज तपासणीत सापडला आणि रद्द झाला तर साहेब विचारतात, अहो पैसे मिळालेच नाहीत त्याला, नुकसान कोणाचं झालं? प्रयत्नाचा गुन्हा लावता येतो की, पण तेवढं डोकं कोण लावतो. अर्ज रद्द, फाइल बंद. म्हणजे जो पकडला गेला त्याला शिक्षा काय तर फक्त पैसे मिळाले नाहीत. पुढच्या हंगामाला दुसरं आधार कार्ड घेऊन परत हजर.

आमच्याच गटाचं सांगतो. आमची जमीन भावाभावात आहे, धाकटा पुण्याकडं चाकणला कंपनीत असतो, त्याच्या वाटणीचं मी बघतो. सोयाबीनच्या विम्याचा फॉर्म भरायला सेवा केंद्रावर गेलो तर पोरगा स्क्रीनकडं बघत म्हणला काका तुमच्या भावाच्या नावचं सगळं क्षेत्र आधीच इन्शुअर दाखवतंय. मी म्हणलं शक्य नाही, आम्ही तर आत्ता आलोय. त्याने फिरवून दाखवलं. गट नंबर आमचा, क्षेत्र आमचं, आणि अर्जदाराचं नाव अख्ख्या गावात कोणी ऐकलेलं नाही असं, सोबत भाडेकरार जोडल्याचं दाखवतंय. काउंटरवर रबर लावलेले आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे पडलेले होते, त्याच्याखाली पीक पेऱ्याची स्वयंघोषणापत्रं, सही झालेली आणि पिकाचा रकाना कोरा. मी विचारलं हे कोणाचं, तर म्हणे बाहेरून येतात, रात्री सर्व्हर फास्ट असतं तेव्हा भरतो. त्या केंद्राचं नाव मी इथं लिहीत नाही, त्या पोराचं वयच एकवीस-बावीस असेल आणि गठ्ठे आणून देणारा तो नव्हताच.

मग माझी वरात सुरू झाली. तालुका कृषी कार्यालयात गेलो, ते म्हणाले विमा कंपनीच्या प्रतिनिधीला भेटा, तो त्याच ऑफिसात कोपऱ्यात एक खुर्ची टाकून बसलेला असतो. तो म्हणाला टेन्शन घेऊ नका, बोगस असेल तर आपोआप रिजेक्ट होईल. मी म्हणलं आपोआप रिजेक्ट होईल ते ठीक आहे पण माझ्या भावाचा फॉर्म तोपर्यंत पोर्टल घेत नाही त्याचं काय, तर म्हणे मेल टाका. पोलीस ठाण्यात गेलो तर आमचा विषय नाही, कृषी खात्याचं पत्र आणा. कृषी खातं म्हणतं कंपनीने आम्हाला लेखी कळवल्याशिवाय आम्ही पत्र कसं देणार. मुदत ३१ जुलै, पुढं वाढवली तरी किती वाढवणार. यात कोणी माझ्याशी उद्धट बोललं नाही बरं का, चहा पण पाजला, फक्त प्रत्येकाने दुसऱ्याचा दरवाजा दाखवला. कारण तक्रारदार कोण हेच कायद्यात ठरलेलं नाही. ज्याच्या जमिनीवर बोगस विमा निघाला तो फसवला गेलेला माणूस आहे की नुसता बघ्या? पैसे गेले तर सरकारचे, कंपनीचे. जमीन माझी, पण केस कोणाची?

हे सगळं का चालतं, याचं उत्तर सोपं आहे, प्रत्येक अर्जामागं सगळ्यांना काहीतरी मिळतं. सेवा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये. वर शेतकऱ्याकडून एक रुपयाच्या फॉर्मला शंभर-शंभर रुपये घेतल्याच्या तक्रारी होत्याच, त्या आपल्याच पेपरात आल्या होत्या. कंपनीला प्रत्येक हेक्टरमागं सरकारकडून प्रीमियम, मग तो हेक्टर सोयाबीनचा असो नाहीतर देवळाच्या पटांगणाचा. आणि आपल्या राज्यात तर ८०:११० चं मॉडेल, ज्याला बीड पॅटर्न म्हणतात, म्हणजे भरपाई प्रीमियमच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी गेली तर कंपनी जास्तीत जास्त २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत देणार, आणि ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा बोजा सरकारचा. मॉडेल म्हणून ते वाईट नाही, आधी कंपन्या हजारो कोटी घेऊन जायच्या त्याला लगाम बसला. पण बोगस क्षेत्र शोधायची घाई यात कंपनीला का असावी सांगा मला? क्षेत्र जितकं मोठं तितका प्रीमियम मोठा आणि तितकेच २० टक्के पण मोठे. भरपाईची वेळ आली की मात्र कंपनीचे डोळे एकदम उघडतात, तेव्हा सातबारा बघतात, ई-पीक पाहणी म्हणजे ॲपवरची पिकाची नोंद बघतात, सॅटेलाइट बघतात. हेच सगळं प्रीमियम घेताना का बघत नाहीत?

२०२५ च्या नव्या नियमात फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी सक्तीची केली, चांगलं केलं. शिवाय बोगस विमा काढणाऱ्याला पाच वर्षं काळ्या यादीत टाकायचं, सरकारी योजनांचा लाभ बंद करायचा असंही ठरवलं. ऐकायला कडक वाटतं. पण काळी यादी कोणाची होणार? फॉर्मवर ज्याचं नाव त्याची. आमच्या शिवारात दोन म्हाताऱ्या बायका आहेत ज्यांनी कोणीतरी "योजनेचे पैसे येणारेत" म्हणलं म्हणून आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स दिली होती, त्यांना विमा म्हणजे काय तेही माहीत नाही. उद्या त्यांच्या नावाने परभणीच्या एखाद्या गायरानावर अर्ज निघाला तर त्यांचं घरकुल बंद, निराधारचे पैसे बंद? आणि गठ्ठेवाला? त्याचं नाव एकाही फॉर्मवर नाही, त्याला कोणत्या यादीत टाकणार.

उलट्या बाजूने खरा शेतकरी पण या कडकपणात सापडतो. बटईने करणाऱ्याकडं रजिस्टर भाडेकरार कुठून येणार, मालक करूनच देत नाही, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने. ई-पीक पाहणीचं ॲप डोंगराकडच्या गावात चालत नाही, फोटो चढत नाही, मग सहाय्यकाकडून नोंद होते आणि त्यात सोयाबीनच्या जागी तूर पडते कारण आंतरपीक होतं. हा फ्रॉड आहे का? माझ्या मते नाही, चूक आहे, आणि चूक दुरुस्त करायला मुदत पाहिजे. म्हणून मला नुसता कडक कायदा नकोय, नेमका कायदा पाहिजे. कडकपणा लिहायला काय लागतं, एक ओळ लागते.

उत्तर प्रदेशातली दोन उदाहरणं देतो, दोन्हीतून शिकण्यासारखं आहे. तिकडं अपघात विम्याच्या खोट्या दाव्यांचं पेवच फुटलं होतं, शेवटी अलाहाबाद हायकोर्टाने २०१५ मध्ये एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमायला लावलं. त्यात दावा करणारा एकटाच नव्हता, वकील सापडले, आणि सुप्रीम कोर्टाला २०२१ मध्ये तिथल्या बार कौन्सिलला झापावं लागलं की तुमच्या वकिलांवर तुम्ही कारवाई का करत नाही. दुसरं २०२५ चं संभलचं. मरणाच्या दारात असलेल्या माणसांच्या नावाने आयुर्विमा काढायचे, बँक खातं, सिम कार्ड सगळं टोळीच्या हातात, आणि काही ठिकाणी तर पैशासाठी खून केल्याचे आरोप. ते उघड झालं कारण पोलिसांनी एका गाडीच्या तपासातून धागा धरला आणि पार एजंट, बँकवाले, इन्व्हेस्टिगेटर इथपर्यंत गेले. दोन्हीकडं नावावरून साखळीकडं तपास गेला तेव्हाच काहीतरी हाती लागलं. आणि दोन्हीकडं त्यासाठी एखादं कोर्ट किंवा एखादा हट्टी अधिकारी लागला, हे जास्त वाईट आहे. प्रत्येक जिल्ह्याला असा अधिकारी मिळेल या भरवशावर आपण बसायचं का?

जर्मनीच्या दंड संहितेत २६५ नंबरचं कलम आहे. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून विमा काढलेली वस्तू कोणी मोडली, लपवली, दुसऱ्याला दिली तर तोच गुन्हा, क्लेम टाकायची वाट बघायची गरज नाही. आपल्याला पिकाच्या बाबतीत हेच पाहिजे. खोटा गट, खोटं पीक, खोटा करार हे माहीत असून अर्ज सबमिट केला की गुन्हा पूर्ण झाला, पैसे मिळोत न मिळोत.

हे राज्याला जमणार नाही, विमा केंद्राचा विषय आहे, असं एक वकील मित्र म्हणाला. विमा केंद्राच्या यादीत आहे हे खरं, पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे आणि शेती राज्याची आहे. आणि महाराष्ट्राने असं आधी केलेलं आहे. चिटफंडवाल्यांनी, पतसंस्थावाल्यांनी लोकांच्या ठेवी बुडवायला सुरुवात केली तेव्हा १९९९ मध्ये एमपीआयडी कायदा आणला, ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा. मुंबई हायकोर्टाने तो एकदा घटनाबाह्य ठरवला होता, सुप्रीम कोर्टाने टिकवला. त्यातली चांगली गोष्ट म्हणजे फक्त जेल नाही, संचालकांची प्रॉपर्टी जप्त होते, सक्षम प्राधिकारी म्हणून एक अधिकारी नेमतात, विशेष कोर्ट असतं. वेळ लागतो, ठेवीदार चपला झिजवतात हे पण खरं आहे, पण निदान कोणाकडं जायचं ते तरी कळतं. त्याच धर्तीवर पीक विम्यासाठी छोटासा कायदा का होऊ नये? फार कलमं नको त्यात.

त्यात मला मुख्य हवंय ते लॉगिनची जबाबदारी. सेवा केंद्राचा प्रत्येक अर्ज एका आयडीवरून जातो, कोणत्या आयडीवरून किती वाजता किती अर्ज गेले हे पोर्टलला माहीत असतं. एका आयडीवरून एका रात्रीत शे-दोनशे अर्ज, ते पण चार वेगळ्या जिल्ह्यांच्या गटांवर, हे दिसत नाही असं कोणी म्हणू नये. एका आयडीवरून ठराविक मर्यादेपेक्षा जास्त अर्ज बोगस निघाले तर हे गठ्ठे कोणी आणून दिले ते सांगायची जबाबदारी केंद्रचालकावर टाका. त्याने सांगितलं तर साक्षीदार, नाही सांगितलं तर आरोपी. बघा मग किती नावं बाहेर येतात. त्या एकवीस वर्षांच्या पोराला पण सुटायचा रस्ता मिळेल आणि आणणाऱ्याची झोप उडेल.

कंपनीलाही सोडायचं कारण नाही. अकृषिक आणि सरकारी जमिनीचे गट भूमी अभिलेखच्या डेटावरून आधीच बाद करता येतात, ते न करता प्रीमियम उचलला तर तेवढा प्रीमियम व्याजासकट परत आणि वर दंड. उलट कंपन्यांना क्लेम नाकारायचे जादा अधिकार द्यायची भाषा कोणी करत असेल तर माझा सक्त विरोध आहे. फ्रॉडचं कारण सांगून खऱ्या माणसाचा क्लेम अडकवायची सवय त्यांना आधीच आहे. आयुर्विम्यात १९३८ च्या कायद्याचं कलम ४५ आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं झालेल्या पॉलिसीवर कंपनीला कसलाही आक्षेप घेता येत नाही. काही लोक म्हणतात याचा फायदा लबाड घेतात, ते कलम ढिलं करा. अजिबात करू नका, तीन वर्षं हप्ते घेताना झोपला होतात का? पीक विम्यात पण तसंच काहीतरी पाहिजे, पेरणीनंतर इतक्या दिवसांत पडताळणी करा, नंतर शेतकऱ्याला पिडू नका.

आणि ज्याच्या गटावर दुसऱ्याने विमा काढला त्या खातेदाराला थेट तक्रारदार धरा. सातबारा आणि आधार घेऊन गेला की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा, कृषी खात्याचं पत्र मागायचं नाही, आणि त्याचा खरा अर्ज मुदत संपली तरी तक्रारीच्या नंबरवर घ्यायचा. एवढं एक जरी झालं तरी निम्मे गठ्ठे बंद होतील कारण गावागावात लाखो डोळे फुकट कामाला लागतील, त्याला ना ड्रोन लागतो ना सॅटेलाइट.

आता तुम्हाला एक विनंती. आपले वार्ताहर तालुक्यापर्यंत आहेत. जिल्हानिहाय एवढंच विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा, की २०२३ आणि २०२४ च्या बोगस अर्जांपैकी किती प्रकरणांत गुन्हा दाखल झाला, त्यात किती केंद्रचालक आणि किती शेतकरी, चार्जशीट किती गेली, आणि विमा कंपन्यांकडून त्या क्षेत्राचा किती प्रीमियम सरकारने परत घेतला. शेवटचा प्रश्न जरा जोर लावून विचारा, त्याचं उत्तर द्यायला टाळाटाळ होईल. मिळालं की पहिल्या पानावर छापा, आतल्या पानावर नको.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी व नियमित वाचक,
जि. लातूर

(ता. क. भावाचा फॉर्म त्या वर्षी भरला गेला नाही. मेलला अजून उत्तर नाही.)